डब्यातला खंडोबा

गणपती विसर्जन होऊन दहा-पंधरा दिवस झाले असतील, आण्णांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि तोंडातले सगळे शब्द गेले. सगळे म्हणजे एक सोडून. तो एक शब्द होता, च्यायला.

पाणी पाहिजे असलं तरी च्यायला. पायावरची गोधडी सरकली तरी च्यायला. सुनेनं चहा चांगला केला, तिचं कौतुक करावं असं मनात आलं, तरी बाहेर पडलं तेच. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं समजावलं की असं होतं. माणूस विचार करून जे बोलतो ते मेंदूच्या एका भागातून येतं, आणि सवयीनं जे तोंडातून सुटतं ते दुसऱ्या भागातून. पहिल्याला मार बसला, दुसरा वाचला. आण्णांना आता बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं आणि कळतही होतं. ते मनात म्हणाले, म्हणजे जन्मभर घेतलेलं देवाचं नाव गेलं आणि कारखान्यात शिकलेली शिवी तेवढी राहिली. यावर जे म्हणावंसं वाटलं ते मात्र त्यांना अगदी नेमकं म्हणता आलं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर गल्लीनं दोन दिवस हळहळून सोडून दिलं असतं. पण अंबरनाथच्या शिवमंदिरामागच्या त्या गल्लीत आरती म्हणजे आण्णा. एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलेलं, मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळं त्यांना माइक कधी लागला नाही. आरतीत कुणी शब्द चुकला की आण्णा टाळ थांबवायचे. मग सगळी आरती थांबायची, कापूर विझून जायचा, आणि चुकलेला माणूस तो शब्द पुन्हा नीट म्हणेपर्यंत कुणाच्या हातावर प्रसाद पडायचा नाही. देवापुढं शब्द स्वच्छ पाहिजे, नाहीतर तो कान देत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्या मताप्रमाणं बघायला गेलं तर आता देवाकडं त्यांची काहीच वट उरली नव्हती.

नवऱ्याला दवाखान्यातून घरी आणल्यावर गोजरबाईनं चूलसुद्धा पेटवली नाही. ती थेट देव्हाऱ्याकडं गेली आणि खंडोबाचा टाक उचलला. तळहाताहून लहान चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा, मागं म्हाळसा, पायाशी कुत्रा. पोह्यांचा स्टीलचा डबा तिनं रिकामा केला, टाक त्यात ठेवला आणि वरपर्यंत पाणी ओतलं.

"आता हितं बस," ती देवाला म्हणाली. "यांच्या तोंडून तुझं नाव निघंल त्या दिवशी भायेर काढीन. तवर भिज."

अडलेल्या बाईनं देव पाण्यात ठेवायचा आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, ही रीत जुनीच. गोजरबाईनं त्यात आपली एक भर घातली. पालीची भीती म्हणून वर झाकण ठेवलं. खाटेवर आण्णा आणि फळीवर डब्यात खंडोबा, असे घरातले दोन कर्ते एकदमच आडवे झाले.

आण्णांचं मूळ गाव बारवी धरणात गेलेलं. गावच्या वेशीवरचा देव तेव्हाच पाण्याखाली गेला, त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता घरचाही गेला, आणि तोही नळाच्या म्हणजे बारवीच्याच पाण्यात. आमच्या देवांना धरण काही सोडत नाही, असं आण्णांना पडल्या पडल्या वाटे, आणि हसू आलं की तोंडाची एकच बाजू हसे.

नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. आलं की गोजरबाई आधी देवाचं पाणी बदलायची. तिचा मुलगा सुयोग एमआयडीसीतच एका कंपनीत शिफ्टला होता. एकदा कामावर जायच्या घाईत त्यानं बादलीत बघितलं.

"आई, त्याला फुल डबा आणि मला अर्धी बादली? काय यार."

"तू काय केलंस यांच्यासाठी?"

"त्यानं तरी काय केलं?"

"म्हून तर पाण्यात हाय ना," गोजरबाई म्हणाली.

संध्याकाळी रामभाऊ यायचा. आण्णांच्या कंपनीतला, शेजारच्या लेथवरचा, आणि घर बुद्धविहाराच्या गल्लीत. खिशातून रबरी चेंडू काढून आण्णांच्या मेल्या मुठीत द्यायचा आणि बोटं एकेक करून त्यावर दाबायचा. दाबता दाबता गप्पा. दोघांच्या गप्पा पूर्वीसारख्याच चालायच्या, हे घरातल्या सगळ्यांना कोडं होतं. रामभाऊला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

"कंपनीत तरी कुठं ऐकू येत होतं," तो सुनेला, ऋतिकाला, म्हणाला. "मशीन चालू असलं की तोंडाकडं बघायचं. हा काय म्हणतो ते आम्ही तोंडावरूनच घ्यायचो. आणि तसंही हा तेव्हासुद्धा जास्त करून हेच म्हणायचा."

"च्यायला," आण्णा म्हणाले.

"बघ. मी खोटं बोलतो म्हणतोय."

जाताना तो डब्याचं झाकण उचलून आत बघायचा. त्यानं कधी हात जोडले नाहीत, पण चौकशी नेमानं करायचा.

"वहिनी, आमचं बरं आहे. बुद्धानं आधीच सांगून ठेवलंय, माझ्याकडं काही मागू नका, आपलं आपण बघा. त्यामुळं आमच्या घरात पाणीपण वाचतं."

"तुमचा हुशार, भावजी," गोजरबाई म्हणाली. "आमचा हो हो म्हणतो आन करत काय नाय. मिंध्या दिरासारखा."

दसरा डब्यात गेला, दिवाळी डब्यात गेली. पाय जरासा आला, काठीवर मोरीपर्यंत जाता येऊ लागलं. शब्द आला नाही. मार्गशीर्ष लागला आणि चंपाषष्ठी तोंडावर आली, तेव्हा बदलापूरहून अनंता आला.

अनंता आण्णांचा धाकटा भाऊ. बदलापूरला नवीन टॉवरमध्ये फ्लॅट, त्यात उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटातून आणलेला संगमरवरी देव्हारा, आत रंग बदलणारी एलईडीची माळ. देव्हारा इतका मोठा होता की त्यातले देव भाडेकरूंसारखे दिसायचे. कुळाचा टाक मात्र थोरल्याच्या घरी, म्हणजे आण्णांकडं. गाव उठलं त्या दिवशी वडिलांनी तो आण्णांच्या हातात दिला होता. आण्णांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात घातला, आणि टेम्पोत भांड्यांवर बसून सगळ्या वाटेनं त्या खिशावर हात धरून आले होते.

अनंता खुर्चीच्या कडेला टेकला. "दादा, वाईट वाटून नको घेऊ. पण चंपाषष्ठीला देव पाण्यात असणं बरं नव्हं. आन तळी तर उचलावीच लागंल."

तळी म्हणजे तांब्याचं ताट. त्यात नारळ, पानसुपारी, भंडारा आणि मधोमध टाक. पाच पुरुषांनी खाली हात लावून ते उचलायचं. घरातल्या थोरल्यानं 'सदानंदाचा' अशी हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी 'येळकोट' म्हणायचं. या कुळात एक नियम कडक होता. एकदा ताट उचललं की हाळी आणि जबाब झाल्याशिवाय ते जमिनीला टेकवायचं नाही.

"हाळी थोरल्याची," अनंता म्हणाला. "आता दादाच्या तोंडून ऐन वेळेला जर ते आलं..."

"काय ते?" गोजरबाईनं विचारलं.

"वयनी, तुला म्हाईत हाय ना."

"तुमी बोला की. तुमची जीभ चांगली हाय."

अनंतानं विषय सोडला. "मी म्हणतो, टाक माझ्याकडं नेतो. हाळी मी देतो. तिथं सगळी सोय हाय."

"चंपाषष्ठीपातूर हे बोलतील."

"आन नाय बोलले तर?"

"तर ने," गोजरबाई म्हणाली. पण हे तिनं अनंताकडं बघून म्हटलं नाही. डब्याकडं बघून म्हटलं.

आण्णांना ते कळलं. बायकोनं देवाला कोंडीत पकडण्यासाठी डाव टाकला होता, आणि पणाला लावला होता तो त्यांच्या खिशातून आलेला टाक. त्या दिवसापासून त्यांनी 'सदानंदाचा'मधला 'स' धरला. जीभ दातांमागं लावायची, हवा सोडायची. हवा निघायची, सापासारखी, आणि तिच्या पाठोपाठ उडी मारून यायचं च्यायला. मनात मात्र सगळं जागच्या जागी होतं. सगळी स्तोत्रं, सगळ्या आरत्या, एक मात्रा इकडची तिकडं नाही. मग ते मनातल्या मनात देवाची प्रार्थना करू लागले, अगदी स्वच्छ शब्दांत. सगळी वाचा नको म्हणाले. एक शब्द दे. सुनेला हाक मारता आली नाही तरी चालेल, मेलो तरी चालेल, तळीच्या वेळेला तेवढा एक. इतकी सोज्वळ प्रार्थना त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती.

चंपाषष्ठीच्या आदल्या दुपारी गोजरबाई भरताची वांगी आणि कांद्याची पात आणायला बाजारात गेली. सुयोग शिफ्टला, ऋतिका कामावर. आण्णा काठी टेकत उठले, खुर्ची फळीजवळ ओढली आणि डब्यासमोर बसले.

एकदा म्हणून बघितलं. च्यायला. पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. आणि मग त्यांचा तोल सुटला. डाव्या हातानं फळी बडवत त्यांनी तो शब्द देवाच्या अंगावर घातला, एकदा, दोनदा, किती वेळा ते त्यांनाही कळलं नाही. त्यात पाय होता, हात होता, सुनेनं धुतलेल्या लुंग्या होत्या, गल्लीतल्या गणपतीपुढं पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी उभा राहणार होता ते होतं. गल्लीतल्या माणसाला असं बोलले असते तर हाणामारी झाली असती. शेवटी दम लागला. लाळ गळली, ती पुसली. खाली कुठंतरी रिक्षा रिव्हर्स घेत होती, तेवढाच आवाज.

झाकण बडवाबडवीत बाजूला सरकलं होतं. आण्णांनी आत बघितलं. काल वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या पाण्यात सडून चिकट झाल्या होत्या. चांदीवर नळाच्या औषधाचे काळे डाग चढले होते. देवाचं अर्धं तोंड काळं, घोडा गळ्यापर्यंत काळा, म्हाळसा तर ओळखू येत नव्हती. कुत्र्याचं फक्त शेपूट दिसत होतं. दैत्य मारणारा देव, त्याची ही दशा पोह्यांच्या डब्यात. आण्णांना त्याच्याबद्दल काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. म्हाताऱ्या बापाला कुणीतरी थंडीत आंघोळीला बसवून विसरून गेलंय, असं काहीसं.

आणि त्यांना सुयोग आठवला, लहानपणचा. बोलायला उशीर झालेला पोर. दोन वर्षांचा होईस्तोवर त्याला 'बुवा' हा एकच शब्द यायचा. दूध पाहिजे, बुवा. गुडघा फुटला, बुवा. कडेवर घे, बुवा. गोजर कधी म्हणाली नव्हती की आधी 'आई' नीट म्हण, मग उचलते. ती नुसती उचलायची. ती अडाणी बाई, अंगठा लावणारी, तिला कळायचं. खंडोबा तिच्याहून मठ्ठ असेल असं मानायला आण्णांचं मन तयार होईना. आणि मठ्ठ असला तर एवढी वर्षं आपण कुणाला आरत्या ऐकवल्या?

त्यांनी डब्याकडं तोंड केलं आणि म्हणाले, "च्यायला." हळू म्हणाले. लहान पोर दोन्ही हात वर करून उभं राहतं तसं.

मग त्यांनी डावा हात पाण्यात घातला. टाक निसटला, परत सापडला, डबा कलंडला, पाणी लुंगीवर सांडलं. टाक त्यांनी बनियनला पुसला आणि छातीशी धरून बसले.

गोजरबाई आली तेव्हा फरशीवर पाण्याचं थारोळं होतं आणि नवरा भिजलेला. तिनं पिशवी तिथंच सोडली. तोंडावर एकदम उजेड आला.

"बोललात?"

आण्णांनी मान हलवली. नाही.

"मंग भायेर का काढलात? मी शबूद दिलेला त्याला."

आण्णांनी टाक पुढं करून तिच्या गालाला लावला. ती दचकली. चांदी बर्फासारखी गार होती.

"गारठलाय म्हणता?"

"च्यायला," आण्णा म्हणाले.

गोजरबाई ओल्यातच खाली बसली. "त्याच्या मनात न्हाय तुमाला बरं करायचं. आन तुमी त्याची थंडी बघताय." इतक्या महिन्यांत ती रडली नव्हती, रागानंच दिवस रेटले होते. आता रडली. पदर डोळ्यांना लावून पोटभर रडली, आणि मधेच तिला हसू फुटलं. "येडा म्हातारा," ती म्हणाली. कुणाला, ते तिलाच ठाऊक. मग उठली, दात घासायची पावडर घेतली आणि टाक घासायला बसली. "उद्या अनंता न्हेईल ह्याला," घासता घासता म्हणाली. "निदान तोंड तरी स्वच्छ करून पाठवते."

चंपाषष्ठीला अनंता दोन्ही मुलांना घेऊन आला. हातात लाल मखमलीची पेटी, टाक न्यायला. रामभाऊ उंबऱ्यात टेकून उभा राहिला, तो दरवर्षी तिथंच उभा राहायचा आणि भरीत-रोडग्याला आत यायचा. ताट मांडलं, नारळ, पानसुपारी, भंडारा, मधे लखलखीत टाक.

"दादा, मी देऊ हाळी?" अनंतानं विचारलं.

सुयोगनं खिशातून मोबाईल काढला. "काका, एक मिनिट. गेल्या वर्षीचा व्हिडिओ आहे माझ्याकडे." त्यानं बटण दाबलं आणि खोली आण्णांच्या आवाजानं भरली. 'सदानंदाचा.' खणखणीत, एकेक अक्षर वेगळं. ऋतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अनंतासुद्धा म्हणाला, "हे चालंल. आवाज दादाचाच हाय."

आण्णांनी तो आवाज ऐकला. आवाज चांगला होता, पण त्या माणसाला देवाकडून काहीएक नको असल्यासारखा होता. त्यांनी मोबाईल बाजूला सारला, काठी भिंतीला लावली, सुयोगच्या खांद्यावर उजवी बाजू टेकली आणि डावा हात ताटाखाली घातला. बाकीच्यांना घालावाच लागला. ताट उचललं गेलं.

आण्णांनी डोळे मिटले, जीभ दातांमागं लावली, हवा सोडली. मनात शब्द पूर्ण होता. बाहेर आला तो असा, लांबवून, सुरात, छातीतून.

"च्यायला."

ऋतिकानं तोंडात पदर कोंबला. अनंताचा धाकटा पोरगा खाली बघू लागला. अनंताचा चेहरा असा झाला की जणू शिवी त्यालाच घातली होती. ताट हवेत. खाली ठेवता येईना, जबाब देववेना. नारळ एका बाजूला कलायला लागला.

स्वयंपाकघराच्या दारातून गोजरबाई म्हणाली, "येळकोट." बायकांनी जबाब द्यायची त्या घरात रीत नव्हती.

"येळकोट," सुयोग म्हणाला. मग पोरं म्हणाली. राहिला अनंता. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा तीच हाळी दिली, त्याच सुरात, आणि थांबले.

"अनंतराव, बोला काहीतरी," उंबऱ्यातून रामभाऊ म्हणाला. "नारळ पडेल. मला तर म्हणता येत नाही."

अनंतानं कलणाऱ्या नारळाकडं बघितलं. "येळकोट," तो पुटपुटला. ताट खाली टेकलं. तीनदा उचलायचं असतं, तीनदा उचललं. तिसऱ्या वेळेला अनंताचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि तो का, हे त्याला कुणी विचारलं नाही. भंडारा उधळला. आण्णांनी टाक उचलून कपाळाला लावला आणि स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यात ठेवला. मखमलीच्या पेटीकडं कुणी बघितलं नाही.

"मी अजून रागावलेय तुझ्यावर," गोजरबाईनं देवाला सांगितलं आणि दिवा लावला.

पंगत बसली. रामभाऊ आण्णांच्या डाव्या बाजूला बसला, रोडगा मोडून द्यायला. अनंता उजव्या बाजूला. त्यानं रोडग्याचा तुकडा भरतात बुडवला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "दादा, खरं सांग. असलं ऐकतो का रं तो?"

आण्णांनी खांदे उडवले. डावा वर गेला, उजवा जागच्या जागी राहिला. मग त्यांनी ताट पुढं केलं आणि भरताकडं बघून गोजरबाईला म्हणाले, "च्यायला."

"तिखट आहे म्हणतोय," रामभाऊ म्हणाला.

"नाय," गोजरबाई म्हणाली, आणि वाढलं. "अजून पायजे म्हणतात."